पहिल्या नाताळचा डबा

सांगली
चोवीस डिसेंबर, दुपार

प्रिय अक्का,

तुला पत्र लिहायची सवय मोडून तीस वर्षं झाली. कॉलेजच्या वसतिगृहातून लिहायचो, तेव्हा त्यात निम्मं खोटं असायचं आणि तू ते बरोबर ओळखून तेवढ्याच निम्म्याला उत्तर धाडायचीस. आता उत्तर यायचं नाही, त्यामुळे खोटं लिहिण्यात मजा उरलेली नाही.

आज लिहायला बसलो, कारण सकाळी तुझ्या सुधीरचा फोन आला. त्याने मला एक प्रश्न विचारलाय आणि त्याचं उत्तर उद्या सकाळी उपासनेच्या आधी द्यायचंय. तोंडाने नाही, हातातल्या डब्याने.

तू जूनमध्ये गेलीस. म्हणजे उद्याचा नाताळ तुझ्या घरात दुखवट्याचा. अशा घरात पहिल्या सणाला कढई चढत नाही. माहेरच्यांनी फराळ घेऊन जायचं, घरातल्यांच्या तोंडात गोड घालायचं, मग त्या घराला सण मोकळा होतो. आटपाडीच्या अलीकडच्या आपल्या गावात ही रीत सगळ्या आळ्यांत आहे आणि आपल्या ख्रिस्ती आळीतही आहे. तुझं माहेर म्हणजे आता मी एकटाच. तेव्हा मी निघणार, रूथ करंज्या करणार, हे ठरलेलंच होतं. रूथनं काल दुपारीच रवा भिजवला.

आणि आज सकाळी सुधीर म्हणाला, "मामा, तुमचा त्यो लेख. खरा का थट्टा?"

मी म्हटलं, कुठला लेख? अक्का, मला माहीत होतं कुठला. तरी विचारलं.

"खरा असंल तर डबा आणू नका, नुसतं या. थट्टा असंल तर घिऊन या. बोलून सांगायची गरज न्हाई. डबा दिसला की मला कळंल."

आणि फोन ठेवला. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, चढलेल्या आवाजाला मी सहज उत्तर देतो.

तो लेख तुला पाठ होता. तरी पुन्हा सांगतो, कारण तो मला स्वतःला एकदा न हसता ऐकायचाय.

तीन वर्षांपूर्वी एका साप्ताहिकाच्या डिसेंबरच्या अंकात मी तो लिहिला. एक कडक, अतिशुद्ध ख्रिस्ती गृहस्थ मंडळीला अर्ज करतोय, अशी कल्पना. पहिल्या पानावर तो म्हणतो, पंचवीस डिसेंबर ही रोमच्या सूर्यदेवाची तारीख आहे, ती रद्द करावी. झाड उत्तरेकडच्या वृक्षपूजकांचं, ते बाहेर काढावं. हिरव्या माळा, मेणबत्त्या, भेटी देणं, मेजवान्या, हे सगळं थंडीतल्या जुन्या जत्रांमधलं उसनं सामान, ते ज्याचं त्याला परत करावं. इथवर अर्जदार अगदी विद्वानासारखा बोलतो. खरी गंमत दुसऱ्या पानावर होती. तिथे तो म्हणतो, करंजी दिवाळीची, ती बंद करावी. आठवड्याचे वार ग्रहांचे, रविवार तर थेट सूर्याचाच, म्हणून उपासना एखाद्या बिनवाराच्या दिवशी घ्यावी. शेवटी त्याच्या लक्षात येतं की आपली मराठीच बाप्तिस्मा न घेतलेली आहे, आणि पुढचा अर्ज तो खुणांनी करतो.

लोक हसले. सांगलीत दोघांनी रस्त्यात थांबवून पाठ थोपटली. मी आठवडाभर छाती काढून फिरलो.

तुझ्या गावात मात्र पोचलं ते फक्त पहिलं पान. त्याची झेरॉक्स. कुणी काढली, दुसरं पान कुठे राहिलं, मला आजही माहीत नाही. बिनदुसऱ्या पानाचा तो अर्ज खरोखरीचा अर्ज झाला. लोणंदला कारखान्यात असताना सुधीर ज्या प्रार्थनागटात जायला लागला होता, तिथल्या एका बंधूने तो कागद त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाला, बघ, हा लिहिणारा तुझा मामाच ना? सुधीरची कॉलर ताठ झाली. आपल्या मामाला एवढं कळतं याचा त्याला अभिमान वाटला, अक्का! मामाला मात्र अजून पत्ताही नव्हता.

पत्ता लागला तेव्हा मी काय केलं? हसलो. माझा विनोद प्रार्थनासभेत गंभीरपणे वाचून दाखवला, हा किस्सा मी वर्षभर चारचौघांत सांगितला. दर वेळी थोडं मीठ वाढवून. एकदा तुझ्या समोरही सांगितला, कराडजवळ मलकापूरला त्या लग्नात. सगळे हसत होते आणि तू ताटातला भात चिवडत होतीस. मला वाटलं, भात कच्चा असेल.

मग तू सांगलीला आलीस. जानेवारी होता, विट्याच्या गाडीने आलीस आणि पिशवीतून स्टीलचा डबा काढून आमच्या ओट्यावर ठेवलास. करंज्या होत्या. नाताळच्या, आठवडा उलटलेल्या. रूथनं विचारलं, एवढ्या कशा उरल्या? तू म्हणालीस, सुधीरनं खाल्ल्या न्हाईत, मग माझ्या बी घशाखाली उतरंनात.

करंजी दुसऱ्या पानावर होती, ते त्याने वाचलंच नव्हतं; उसनं सामान परत करायचं तर करंजीही दिवाळीची, हा हिशेब त्याने आपणहून केला. त्याने भांडण केलं नव्हतं. तुझं बोलणं मला शब्दासकट आठवतं. "ताटातनं उचलली आन् बाजूला ठेवली. टाकली न्हाई रं. बाजूला ठेवली."

टाकली असती तर तू त्याला चार शब्द सुनावले असतेस आणि संपलं असतं. बाजूला ठेवली, म्हणजे आईचा मान ठेवला आणि आईची करंजीही नाकारली. त्या सभ्यपणावर तुझ्याकडे इलाज नव्हता. चाळीस वर्षं शाळेत पोरांना वळण लावलेली बाई तू, आणि घरच्या पोराने एवढं चांगलं वळण दाखवलं की तुझी बोलतीच बंद!

तू मला एकच काम सांगितलंस. लिही, म्हणालीस, त्याच पेपरात दोन ओळी लिही, की ती थट्टा होती.

आणि मी तुला काय सांगितलं? अजून कान तापतात. म्हटलं, "अक्का, थट्टेखाली 'ही थट्टा आहे' असं लिहिलं की थट्टा मरते."

"मेली तर मरू दे की," तू म्हणालीस. "माझं पोरगं जितं हाय."

तरी मी लिहिलं नाही. इज्जतीचा प्रश्न केला. कुणाची इज्जत? आठवड्याच्या रद्दीत जाणाऱ्या दीड पानाची! मी तुला वाचकांची जबाबदारी यावर छोटंसं भाषणही दिलं. तू ते पूर्ण ऐकलंस. तुला अर्ध्यात तोडायची सवय नव्हती, हा तुझा दोष. भाषण संपल्यावर तू डबा उलटा करून धुतलास, पुसलास, आणि म्हणालीस, "बरं. मग आता कवाच सांगू नको."

मला वाटलं, रागावलीस. तू रागावली नव्हतीस, तू हिशेब बदलला होतास. सुधीरची दारू सुटून तेव्हा दीड वर्ष झालं होतं. ती ज्यांनी सोडवली त्यांनीच तो कागद दिला होता. कागद खोटा निघाला, तर तो म्हणेल देणारेही खोटे, आणि देणारे खोटे तर सोडलेली बाटलीही खोटी. "त्यापरीस करंजी गेली तर जाऊ दे," असं तू म्हणालीस आणि गाडी चुकेल म्हणून उठलीस.

एका दुपारीत तू मला दोन गोष्टी सांगितल्यास. सांग, आणि सांगू नको. मी दुसरी तेवढी लक्षात ठेवली, कारण ती मला सोयीची होती. पण थोडा दोष तुझ्याकडेही येतो, अक्का. एवढ्या लवकर माघार घ्यायची होती का? मी तिसऱ्यांदा सांगितल्यावर ऐकतो, हे तुला लहानपणापासून माहीत होतं.

तुला आठवतं, त्याच दुपारी रूथनं चहा टाकला आणि आजीची गोष्ट निघाली? आजोबांनी बाप्तिस्मा घेतला त्या वर्षी घरात दिवाळी बंद झाली. पण आजीच्या हाताला करंजीची सवय. दोन महिने ती गप्प राहिली आणि नाताळला तिने कढई चढवली. मिशनचे साहेब घरी आले, आजोबा घाबरले, आता हे काय म्हणतील. साहेबांनी चार खाल्ल्या आणि पाचवी खिशात टाकली. त्याच नाताळला साहेबांच्या मडमेने चर्चमध्ये सुरूची फांदी वाळूच्या डब्यात उभी केली. आपल्या आळीतल्या लोकांना वाटलं, हे त्यांच्या शास्त्रातलंच काहीतरी असेल. शास्त्रात काही नव्हतं. मडमेला तिच्या गावाची आठवण येत होती, एवढंच.

"सायबीणीनं झाड आणलं, आजीनं करंजी आणली," तू म्हणालीस. "दोघींनी एकमेकीला इचारलं न्हाई, हे कुठनं आणलंस म्हणून."

हे तू सुधीरला का नाही सांगितलंस? मला सांगून काय उपयोग होता? मी आधीच पटलेला माणूस. मला पटवणं फार सोपं आहे, माझं त्यात काही जात नाही.

दुसऱ्या नाताळला, म्हणजे गेल्या वर्षी, प्रकरण चर्चपर्यंत गेलं. सुधीर आणि चार तरुण पाळकसाहेबांकडे गेले, सुरूची फांदी आत नको म्हणाले. त्यांच्याकडे शास्त्रातलं वचनही होतं, रानातलं झाड तोडून सोन्यारुप्याने मढवणाऱ्यांना संदेष्टा फटकारतो ते. जुनी मंडळी म्हणाली, ते मूर्तीबद्दल आहे, झाडाबद्दल नाही. तरुण म्हणाले, झाड म्हणजे झाड. पाळकसाहेबांनी दोघांचंही ऐकून घेतलं, ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे असं सांगितलं आणि फांदी व्हरांड्यात ठेवली. आतही नाही, बाहेरही नाही. येणारा-जाणारा अडखळत होता, म्हणजे दोन्ही पक्षांना समान त्रास.

तू त्या फांदीवर कापूस चिकटवत होतीस. बर्फ म्हणून! ज्या गावात जानेवारीत टँकर सुरू होतो, तिथे तुझा तो बर्फ. मी तेव्हा त्यावर एक वाक्य बोललो आणि सगळे हसले. सुधीरही हसला. त्या नाताळात आपण तिघे एकत्र हसलो ते तेवढंच. मग घरी गेलो, ताटं मांडली, आणि त्याने पुन्हा ती करंजी उचलून बाजूला ठेवली. तू बघितलं नाही असं दाखवलंस. मी चिवड्याचं कौतुक केलं.

आणि ते मंगळसूत्र. दाजी गेले तेव्हा शेजारच्या बायका म्हणाल्या, बाई, आता काढायचं असतं. त्यातला क्रूस दाखवून तू म्हणालीस, ह्यो काय मरत न्हाई, आणि विषय संपवलास. मग सुधीरनं आडून आडून सुचवलं, आई, ही काळी पोत आपली नव्हं, काढून ठेवली तर? त्याला तू दिलेलं उत्तर तुझी सून मला फोनवर सांगताना हसून हसून दमली होती. "बायका म्हणत्यात नवरा न्हाई म्हणून काढ. तू म्हणतोस त्यांचं हाय म्हणून काढ. आधी तुमी सगळी एका जागी बसून ठरवा, मग मला सांगा." तेव्हापासून त्याने विषय काढला नाही. जून महिन्यात ते त्यानेच तुझ्या गळ्यात नीट सरळ केलं. पेटीवर झाकण ठेवायच्या आधी. कुणी सांगितलं नव्हतं.

एवढं सगळं झाल्यावर, तुझ्या कपाटात साड्यांच्या खाली त्याला परवा तो अंक सापडला. पूर्ण अंक, दोन्ही पानांचा. तो तू घरात का ठेवलास, अक्का? जाळायचास, नाहीतर दाखवायचास. लपवून ठेवणं हे तुझं काम नव्हे, ते माझ्यासारख्यांचं. त्याने दुसरं पान वाचलं. बिनवाराचा दिवस वाचला, खुणांचा अर्ज वाचला. तो मूर्ख नाही. त्याला कळलंय. तरी त्याला ते माझ्याकडून हवंय, आणि मला सोपं जावं म्हणून त्याने बोलायची अटही ठेवली नाही. फोन ठेवण्याआधी एक वाक्य मात्र म्हणाला, ते तुला सांगायलाच हवं. "आईला ठावं हुतं, तरी तिनं मला गप बसून बाजूला ठिवू दिली?"

याचं काय उत्तर देऊ? तूच सांग.

तासभर मी इथे उत्तरं शोधत बसलोय. रिकाम्या हाताने गेलो तर काय होईल? तो मान डोलावेल. दोन नाताळ त्याने जे केलं ते खऱ्या गोष्टीसाठी केलं, असं त्याला वाटत राहील. त्याचं मन शांत, त्याचा गट शांत, बाटली लांब. आणि मी जन्मात पहिल्यांदा गंभीर विचारवंत ठरेन, तेही खोटं बोलून. डबा घेऊन गेलो तर? तर मी त्याच्या दारात उभा राहून सांगतोय की, बाळा, तुझ्या आईच्या हातच्या शेवटच्या दोन नाताळच्या करंज्या तू बाजूला ठेवल्यास त्या माझ्या एका विनोदापायी. आता तिसरा नाताळ यायचा नाही. हे ऐकून माणसाने संध्याकाळी कुठे जायचं? लोणंदला असताना तो जिथे जायचा, तसलं दुकान आपल्या फाट्यावरही आहे.

मी रूथला म्हटलं, नुसता चिवडा घेऊन गेलो तर? चिवड्याला धर्म नसतो. ती झारा हातात घेऊनच बाहेर आली. मग म्हणाली, "रिकाम्या हाताने जाणं सोपं आहे. म्हणून तर तुम्हाला पटायला लागलंय." आणि आत जाऊन पुढचा घाणा सोडला. तीस वर्षांच्या संसारात या बाईने माझ्या एकाही विनोदाला उगाच दाद दिली नाही.

आता तुला एक कबुली देतो. ही तुला जिवंतपणी द्यायला हवी होती. जानेवारीत तू चहाचा कप ठेवता ठेवता विचारलं होतंस, "त्यातलं सगळं खरं हाय का रं?" मी म्हटलं, बरंचसं.

बरंचसं नव्हतं, अक्का. रोमच्या सूर्याचा सण त्या दिवसांत होता, हे खरं. पण आधी कोण आणि कुणी कुणाची तारीख घेतली, यावर शहाणी माणसं अजून भांडतात. ख्रिस्ती लोकांनी मार्चपासून नऊ महिने मोजून ती तारीख काढली, असंही म्हणणारे आहेत. झाडाचं तर आणखीच पातळ. उत्तरेकडचे लोक झाडं पूजत असतील, पण आज आपण मांडतो ते झाड जर्मनीतल्या ख्रिस्ती घरांनी काही शतकांपूर्वी मांडायला घेतलं. मधला धागा बराचसा लोकांनी मागाहून ओढलेला. हे सगळं मला लिहिताना माहीत होतं. माझ्या टेबलावर टिपण होतं. मी ते गाळलं, कारण 'असंही म्हणतात' असं लिहिलं की वाक्याची धार जाते. म्हणजे दुसरं पान थट्टा होतं, आणि पहिलं पान, ज्यावर तुझ्या मुलाने विश्वास ठेवला, ते थट्टेसाठी पाडलेलं अर्धसत्य.

आता सुधीर विचारतोय, खरा का थट्टा. याला डबाही पुरा पडत नाही.

आणि आणखी एक गोष्ट मला आज दुपारपर्यंत कळली नव्हती. मी त्याला इतकी वर्षं भोळा समजत आलो. झाडाला, करंजीला घाबरणारा. पण तू आठव, तो प्यायचा तेव्हा काय म्हणायचा? एवढीशीच घेतली. सणाचं एवढंसं. मित्राच्या आग्रहाचं एवढंसं. त्याला ज्याने बुडवलं ते नेहमी एवढंसंच होतं. तुला आणि मला करंजी म्हणजे एवढीशी गोष्ट. त्याने 'एवढंसं' या गोष्टीशीच कायमचं भांडण मांडलंय. उभा राहायचा तर पूर्ण उभा राहीन, नाहीतर पडेन, असं ज्याला स्वतःबद्दल माहीत आहे, त्याने आपल्या ताटातलं काय बाजूला ठेवायचं हे त्याला ठरवू द्यावं. तो चुकला नव्हता. त्याच्यापुढे चुकीचा कागद ठेवला गेला, आणि तो ठेवणारा मी.

तू म्हणाली होतीस, सांगितलंस तर तो मोडेल. अक्का, इथे मी तुझं ऐकणार नाही. जो माणूस पूर्ण अंक वाचून मला सरळ फोन करून विचारतो, आणि माझी लाज राखायला बोलायची अटही ठेवत नाही, तो मोडणारा नाही. मोडणार असता तर परवाच मोडला असता, कपाटापाशी, एकटा. आपण दोघं त्याला लहान समजलो. तू मायेने, मी उद्दामपणाने. बाहेरून बघणाऱ्याला दोन्हीत फारसा फरक दिसत नाही.

डबा भरायला मी रूथला सांगितलंय. तिने झाकण घट्ट बसवलं. मी चार दिवसांचे कपडे घेतलेत. सकाळच्या पहिल्या गाडीने निघतो.

आता वचन. तू सांगितलेलं पहिलं काम मी केलं नाही, दुसरं उद्या मोडणार आहे, म्हणून आज न मागता देतो.

डबा मी त्याच्या हातात देईन, पण उघडणार नाही आणि खा म्हणणार नाही. त्याला खावंसं वाटलं तर खाईल, नाहीतर बाजूला ठेवेल. ठेवला तर या वेळी मी बघेन, नजर चुकवणार नाही. उपासनेनंतर मंडळीपुढे उभा राहून सांगेन की तो अर्ज माझा होता, दोन पानी होता, आणि पहिल्या पानातलंही निम्मं मी मला हवं तसं निवडलेलं होतं. फांदी आत ठेवायची की व्हरांड्यात, ते त्यांचं त्यांनी ठरवावं, माझ्या कागदाशिवाय. परत येऊन दोन ओळी लिहीन. त्या साप्ताहिकात. ही थट्टा होती, असं.

आणि त्याने विचारलं, आईनं मला का सांगितलं नाही, तर मी तुझी बाजू घेणार नाही. सांगेन की ती घाबरली होती, तुझ्यासाठी. आणि तिने आधी मला सांगितलं होतं, मीच नाही म्हटलं. तुझ्या वाट्याचं मी माझ्या अंगावर घेत नाही, पण माझं तुझ्यावर ढकलणारही नाही.

तो दार लावून घेईल कदाचित. घेतलं तर मी पायरीवर बसेन. तो ओरडला तर ओरडू देईन. संध्याकाळ होईल, तो घराबाहेर पडला तर मी मागून चालेन, फाट्यापर्यंत, आणि तो जिथून वळेल तिथून वळेन. सगळ्यात कठीण ते यापुढचंच. तुला माहीत आहे, अशा वेळी मला नेमकं काहीतरी फार चांगलं सुचतं. लोक हसतात, विषय संपतो, आणि मी सुटतो. उद्याही सुचेल. त्याच्या डोळ्यांत पाणी असेल तेव्हाच सुचेल.

ते मी गिळीन, अक्का. कितीही चांगलं असलं तरी.

तुझा,
विजू